64.8 मिलिमीटर

महसूल मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला की सरकारदरबारी ती अतिवृष्टी. समजा, बीड जिल्ह्यातल्या आमच्या केज तालुक्यात एखाद्या मंडळाची नोंद आली 64.8. सोयाबीन पाण्यात उभं, शेंगांना कोंब फुटलेले. पण कागदावर अतिवृष्टी नाही. मग पंचनाम्यासाठी हेलपाटे.

'महावेध' प्रकल्पात 2017 पासून राज्यात मंडळनिहाय स्वयंचलित हवामान केंद्रं उभी राहिली. मंडळ शंभराहून जास्त चौरस किलोमीटरचं, पर्जन्यमापकाचं तोंड छोट्या ताटलीएवढं. आणि आपल्याकडचा पाऊस बांधाच्या अलीकडे धो धो, पलीकडे धूळ.

यावर इंजिनिअरचं ठरलेलं उत्तर: सेन्सर वाढवा. सेन्सरचे आकडे सर्व्हरवर आणणं हेच माझं काम, त्यामुळे मलाही आधी तेच सुचतं. गावोगावी यंत्र हवंच. शिवाय यंत्राला भावकी नसते, हेही काही कमी नाही.

पण अशा बऱ्याच पर्जन्यमापकांत दोन छोट्या वाट्यांचा झोका असतो. एक भरली की कलंडते, दुसरी पुढे येते. जितक्या वेळा कलंडली तितका पाऊस. मुसळधार पावसात मात्र वाटी कलंडत असताना पडलेलं पाणी नीट मोजलं जात नाही. म्हणजे यंत्र कमी मोजतं ते नेमकं अतिवृष्टीच्या वेळी! त्यावर दुरुस्तीची सूत्रं आहेत. तरी पाच टक्के इकडेतिकडे धरले, तर 64.8 म्हणजे 'साधारण 62 ते 68'. यंत्र बनवणाऱ्याला हे माहीत असतं. डेटाबेसच्या रकान्यात मात्र एकच आकडा जातो.

हा शंकेचा पट्टा कुणाच्या पदरात टाकायचा? कोर्टात संशयाचा फायदा आरोपीला मिळतो, कारण समोर अख्खं सरकार असतं आणि तो एकटा. शेतकऱ्याकडे तरी कुठे दुसरं यंत्र आहे? माझ्या मते 62 च्या पुढचं सगळं अतिवृष्टी धरावं. मग 61.9 वाला भांडेल, असं कुणी म्हणेल. भांडू दे. 65 ची रेघ माणसांनी ओढलीय, तिच्याविरुद्ध तहसीलवर मोर्चा नेता येतो. वाटीतून निसटलेल्या पाण्यासाठी मोर्चा कुठे न्यायचा?

निदान आकड्याशेजारी 'कमी-जास्त किती' असा एक रकाना ठेवा, आणि ग्रामपंचायतीच्या फळ्यावर दोन्ही लिहा.