नक्कल

परीक्षेत नक्कल करणाऱ्या मुलाचा कागद मी गेली वीस वर्षे हिसकावून घेत आलो आहे. आणि माझ्या कादंबऱ्या मात्र ज्या संगणकावर लिहिल्या, त्याची प्रणाली चोरून उतरवलेली होती! कुणी विचारले नाही, म्हणून मीही मनाला विचारले नाही.

गेल्या सुटीत एका जुन्या विद्यार्थ्याने डेबियन नावाची प्रणाली पेनड्राइव्हवर घालून दिली. म्हणाला, "सर, खुशाल घ्या. दुसऱ्यालाही द्या. परवानगी आहे."

रात्री एकटाच बसलो. सुरुवातीलाच भाषांच्या यादीत 'मराठी' हा शब्द दिसला आणि धीर आला. पुढे यंत्राने बजावले, डिस्कवरचे सारे पुसले जाईल. हस्तलिखिते दुसरीकडे ठेवली होती. तरी बोट थरथरलेच.

काम झाले, आणि मनात आले : कृती तीच, नक्कल करण्याची. काल ती चोरी होती, आज नाही. कारण देणाऱ्यांनी आपण होऊन 'घे' म्हटले आहे. १९९१ साली हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा जगापुढे ठेवला. पुढे हजारोंनी त्यात भर घातली.

पण म्हणून मी सुटलो का? किंमत भरली की व्यवहार संपतो. दान घेतले की तो सुरू होतो. आपल्याकडे ऋषिऋण मानतात. ते पैशाने नव्हे, शिकून-शिकवून फिटते. मला प्रोग्रॅम लिहिता येत नाही. पण त्या पडद्यावरचे मराठी शब्दही कुणीतरी बसवलेले आहेत, आणि त्यांतले एकदोन मला खटकले. शुद्धलेखन तपासणे हा तर माझा धंदाच! दिवाळी झाली की तिथूनच फेडायला सुरुवात करीन म्हणतो.