बिनचुलीचं पुण्य

खोटं बोलण्याची मला तशी सवय नाही. बँकेत कारकुनी करणाऱ्या माणसाला ती परवडतही नाही. संध्याकाळी कॅश जुळवावी लागते. (हल्ली आम्हांला कारकून म्हणत नाहीत, 'कस्टमर सर्व्हिस असोसिएट' म्हणतात. काम तेच, पण ओळख करून देताना दम लागतो.) तरीसुद्धा गेल्या जानेवारीत माझ्या तोंडून एक खोटं निघून गेलं, आणि तेसुद्धा कशावरून, तर फळं घातलेल्या क्रीमवरून.

त्याचं असं झालं. ब्रँचमधल्या सहा जणांना आमची गासची वाडी बघायची होती. नालासोपारा स्टेशनाबाहेर जी गर्दी अंगावर येते ती पश्चिमेला सरकत सरकत गासपर्यंत पातळ होते, आणि एकदम केळी दिसायला लागतात. बोरिवलीच्या चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या माणसाला झाडाला लटकलेला घड पाहून जे होतं, ते आम्हांला त्यांची लिफ्ट पाहून होत असे. तर ते रविवारी जेवायला येणार असं ठरलं. म्हणजे मी ठरवलं. बायकोला शुक्रवारी सांगितलं.

तिने काही न बोलता वाल भिजत घातले. वाचकहो, वालाचं बिरडं तुम्ही खाल्लं असेल. सोललं आहे का? वाल भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, मग कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा बोटांनी सोलायचा. त्यातच तिने केळफुलाची भाजीही धरली होती. केळफुलात प्रत्येक पाकळीखाली इवल्या फुलांची एक फणी असते, आणि त्या प्रत्येक फुलातून एक कडक दांडी आणि एक पापुद्रा ओढून काढावा लागतो. हाताला तेल लावलं नाही तर बोटं दोन दिवस काळी. शनिवारी रात्री अकरापर्यंत हे चाललं होतं. मी शेजारी बसून पेपर वाचून दाखवत होतो, म्हणजे अगदीच मदत केली नाही असं नाही.

मग मला वाटलं, आपणही काही करावं. मुलगी शाळेच्या सहलीत महाबळेश्वरला जाऊन आल्यापासून स्ट्रॉबेरी-क्रीमचं नाव काढत होती. (त्या स्ट्रॉबेरीला 2010 साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे. आमच्या जिल्ह्यातल्या घोलवडच्या चिकूलाही 2016 साली मिळालं, पण चिकूचा फोटो कोणी काढत नाही.) या पदार्थाला गॅस पेटवावा लागत नाही, हे कळल्यावर माझा निश्चय पक्का झाला. गोड माझ्याकडे, असं मी जाहीर केलं.

पहिल्या खेपेला फजिती झाली. मी दुकानातून 'क्रीम' लिहिलेलं पाकीट आणलं आणि अर्धा तास घोटलं. ते होतं तसंच राहिलं. शेवटी पाकीट वाचलं. आयुष्यभर लोकांना 'अटी व शर्ती वाचा' म्हणून सांगणाऱ्या माणसाने पाकीट मात्र शेवटी वाचलं! त्यात स्निग्धांश होता 25 टक्के. आणि क्रीम फुगायला तो तीस-पस्तीस टक्के तरी लागतो. घोटताना हवेचे बुडबुडे आत जातात आणि लोण्याचे बारीक कण त्यांच्याभोवती कडं करून त्यांना धरून ठेवतात. कणच कमी असले तर धरणार कोण? स्टाफ कमी असलेल्या ब्रँचसारखं होतं ते.

दुसऱ्या खेपेला योग्य ते क्रीम आणलं, भांडंही फ्रीजरमध्ये ठेवून गार केलं, कारण गरम झालं की लोणी विरघळतं आणि बुडबुडे बसतात. क्रीम मस्त फुगलं. आणखी फुगेल म्हणून मी थांबलो नाही. तेवढ्यात ते रवाळ झालं आणि खाली पाणी सुटलं. आई ओटीवरून आत आली, भांड्यात बोट घातलं आणि म्हणाली, "लोणी छान आलंय रे. पण एवढ्या महागाचं कशाला काढलंस?"

तिसऱ्या खेपेला जमलं. घड्याळ लावून सांगतो: बारा मिनिटं. क्रीम आणि पिठीसाखर, चमचा उचलल्यावर शेंडा उभा राहीपर्यंत घोटायचं आणि तिथेच हात आवरायचा. त्यात स्ट्रॉबेरी, चिकू, वाडीतली वेलची केळी हलक्या हाताने मिसळायची. ताजं अननस मात्र घालायचं नाही. त्यातलं पाचक द्रव्य दुधातल्या प्रथिनांना फोडतं आणि सगळं कडू होतं. डब्यातलं चालतं, कारण उष्णतेने ते द्रव्य मेलेलं असतं. मग तासभर फ्रीजमध्ये. संपलं. फुगलेल्या क्रीमचं आकारमान जवळजवळ दुप्पट होतं, म्हणजे वाडग्यात जे दिसतं त्यातला निम्मा माल निव्वळ वारा असतो. हे मी तेव्हा कोणाला सांगितलं नाही.

रविवारी पाहुणे जेवले. बिरडं दोनदा वाढून घेतलं, केळफुलाची भाजी 'अरे वा, ही कसली?' म्हणत संपवली, तांदळाच्या भाकऱ्या मोजायच्या कोणी ठेवल्या नाहीत. आणि मग मी वाडगे आणले. काचेचे. वर एकेक उभी स्ट्रॉबेरी. खोलीत आधी शांतता पसरली, आणि मग जो कौतुकाचा वर्षाव सुरू झाला तो थांबेना. "साहेब, हे तुम्ही केलंत?" "वहिनी, तुम्ही नशीबवान हं!" आमच्या कॅशियरबाईंनी तर आपल्या यजमानांकडे असं पाहिलं की त्या गृहस्थांचा चमचा खाली पडला. आणि कोणीतरी विचारलं, "फार वेळ लागला असेल ना हो?"

मी म्हणालो, "छे! दोन-अडीच तास."

बायको पाणी वाढत होती. तिचा तांब्या क्षणभर थांबला, आणि पुढे गेला.

आता तुम्ही म्हणाल, एवढंसं तर खोटं, त्याचा एवढा बाऊ कशाला? पण मी ज्या धंद्यात आहे तिथे चुकून एखाद्याच्या खात्यात दुसऱ्याचे पैसे जमा झाले तर ते त्याचे होत नाहीत. त्याने खर्च केले असले तरी परत करावे लागतात. नोंद उलटवतात, विषय संपतो. मी पक्का विचार केला की सोमवारी नोंद उलटवायची. डबा खाताना मी सगळ्यांसमोर म्हणालो, "खरं सांगायचं तर ते बारा मिनिटांत होतं." सगळे हसले. मॅनेजर म्हणाले, "हाच तुमचा मोठेपणा!" दुसरे म्हणाले, "ज्याच्या हातात कला आहे त्याला बाराच मिनिटं लागणार." म्हणजे मूळ रक्कम परत जाण्याऐवजी तिच्यावर विनयाचं व्याज चढलं. कौतुकाच्या खात्यात उलट नोंदीची सोयच नाही.

तेव्हापासून मी विचारात पडलो आहे. कौतुक नक्की कशाचं करायचं? कष्टाचं की चवीचं?

बी. कॉम.ला आम्हांला हे वेगळ्या नावाने होतं. वस्तूची किंमत तिच्यात घातलेल्या श्रमावर ठरते, असं एका पक्षाचं म्हणणं. मार्क्सने 1867 साली 'कॅपिटल'चा पहिला खंड काढला, त्यातही हेच आहे. पण त्या भल्या माणसाने एक पळवाट बंद करून ठेवली आहे. एखाद्या ढिल्या माणसाने गरजेपेक्षा जास्त वेळ लावला म्हणून वस्तूची किंमत वाढत नाही. समाजात साधारणपणे जेवढा वेळ लागतो तेवढाच धरायचा. म्हणजे माझं ताकासारखं पहिलं क्रीम आणि दुसरं लोणी हे वेळेत धरून 'दोन-अडीच तास' खरे करण्याचा जो बेत मी मनाशी केला होता, तो मार्क्सने दीडशे वर्षांपूर्वीच नामंजूर केलेला. दुसरा पक्ष म्हणतो, श्रमाचं काय घेऊन बसलात, खाणाऱ्याला किती समाधान मिळालं ते पाहा. परीक्षेत मी दोन्ही बाजू लिहून आलो होतो आणि पास झालो होतो. घरात दोन्ही बाजू लिहून पास होता येत नाही.

आपल्याकडे तर त्याहून जुना निवाडा आहे. स्वयंपाक म्हणजे स्वतः केलेला पाक; जिथे अग्नी नाही तिथे पाक कुठला? म्हणून फळं आणि दूध उपासाला चालतात. माझी आजी असती तर तिने माझा वाडगा एकादशीला खाल्ला असता आणि 'आज मी काही खाल्लं नाही' असंही म्हणाली असती, आणि ते खोटं ठरलं नसतं. या हिशेबाने मी त्या रविवारी काही शिजवलंच नव्हतं.

मग मी सोप्या पदार्थाची बाजू घेऊन पाहिली. बर्मिंगहॅममध्ये आल्फ्रेड बर्ड नावाचा एक औषधवाला होता. त्याच्या बायकोला अंडं सोसत नसे, आणि विलायती कस्टर्ड तर अंड्यावाचून होत नसे. म्हणून 1837 साली त्याने मक्याच्या पिठाची बिनअंड्याची कस्टर्ड पावडर काढली. आपल्या लग्नांतलं पुरीबरोबरचं ते पिवळंधमक फ्रूट सॅलड त्याच्याच पुण्याईवर चाललं. सोपं केलं म्हणून त्या माणसाला कोणी कमी लेखत नाही. हा दाखला मला फार आवडला. मी तो बायकोला ऐकवला.

ती म्हणाली, "त्याने बायकोसाठी केलं होतं ना? मला त्या दिवशी वाडगा उरला होता का?"

उरला नव्हता. सात केले होते: सहा पाहुणे आणि मी. मुलीने माझ्यातलं अर्धं खाल्लं. आई आणि बायको हिशेबातच आल्या नव्हत्या. आणि हे नऊ महिने मला कोणी सांगितलं नव्हतं. मला आपलं वाटत होतं की प्रश्न त्या दोन-अडीच तासांचा आहे.

आई ओटीवर विड्याची पानं पुसत बसली होती. तिला सगळं ऐकू गेलं असणार, कारण ती एकदम म्हणाली, "तुझ्या बाबांची सुकेळी अख्ख्या निर्मळच्या जत्रेत नावाजलेली."

हे मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. आमच्या भागातली सुकेळी ज्यांनी खाल्ली नाहीत त्यांच्यासाठी सांगतो: राजेळी केळी पिकवून, सोलून, उन्हात वाळवतात. साखर नाही, काही नाही. पाच-सात दिवस रोज पसरायची, उलटायची, संध्याकाळी दव पडायच्या आत उचलायची, माश्यांपासून जपायची. मधासारखा रंग येतो, आणि मग ती केळीच्याच सोपटात आवळून बांधायची. कार्तिकात जत्रेत ती विकायला जायची, आणि लोक बाबांचं नाव घेऊन मागायचे.

"त्यांनी," आई पान पालथं करून म्हणाली, "जन्मात एक केळं सोललं नाही."

ती हे तक्रार म्हणून बोलली नाही. भाव सांगावा तसं बोलली. पण माझ्या डोळ्यांसमोर ते अंगण आलं. उन्हात डोक्यावर पदर घेऊन ओणवी झालेली आई, आणि जत्रेच्या दिवशी धुवट सदरा घालून टोपली उचलणारे बाबा. मी त्यांच्याबरोबर जायचो. येताना माझ्या हातात पिपाणी असायची. आई जत्रेला आलेली मला आठवत नाही. आणि हेही लक्षात आलं, की सुकेळ्यालाही चूल लागत नाही. म्हणजे आमच्या घरात बिनचुलीचे पदार्थ दोन झाले: एक बारा मिनिटांचा आणि एक सात दिवसांचा. आणि दोन्हींवर नाव पुरुषाचं.

त्या रात्री बायकोला म्हटलं, "यंदा आपण सुकेळी करू या."

"करू या की," ती म्हणाली. "तुम्ही सोला, वाळवा, उलटा. मी शेवटी बांधते. आणि ब्रँचमध्ये द्यायला मीच येते."

गेल्या आठवड्यात दोन घड उतरवले. ऑक्टोबरचं ऊन कडक आहे, पण पलीकडे चार मजली इमारत उभी राहिल्यापासून आमच्या अंगणात तीन वाजताच सावली येते, त्यामुळे बांबूची तट्टी उचलून विहिरीच्या बाजूला न्यावी लागते. पहिले दोन दिवस शनिवार-रविवार होते. तेवढ्यात माझी कंबर धरली. काल सोमवारी काउंटरवर होतो. अकरा वाजता खिडकीतून पाहिलं तर आभाळ भरून आलेलं. समोर आजोबा पासबुक घेऊन उभे, आणि मी घरी फोन लावला.

"पाऊस आहे का गं तिकडे?"

"अजून नाही. वारं सुटलंय."

"मग केळी आत घे ना जरा."

पलीकडे शांतता. मग आईचा आवाज, मागून, ओटीवरून: "त्याला म्हणावं, आम्ही दोघी पान खातोय."

मी अर्ध्या दिवसाच्या रजेचा अर्ज भरला. कारणाच्या रकान्यापाशी पेन थोडं थांबलं. आधी 'घरगुती अडचण' लिहिलं, मग खोडलं, आणि स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'केळी उचलणे'. मॅनेजरांनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाले, "आणि ते क्रीम परत कधी?"

मी पाच बत्तीसची वाट न पाहता बारा-पाचची विरार पकडली.