वाट दाखवणारा आणि परत फिरवणारा

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

दत्तभक्त हो,

भागवताच्या अकराव्या स्कंधात यदुराजा आणि अवधूत यांचा संवाद आहे, तो आपल्यापैकी बहुतेकांना पाठ नसला तरी ओळखीचा नक्की आहे. राजा विचारतो, महाराज, तुम्ही काही कामधंदा करत नाही, घरदार नाही, आणि तरी एवढे आनंदात कसे? अवधूत सांगतात, मी चोवीस गुरू केले. आपण मनात म्हणतो, चोवीस म्हणजे मोठमोठे ऋषीमुनी असतील. पण यादी निघते ती पृथ्वी, वायू, आकाश, पाणी, अजगर, मधमाशी, कोळी अशी. आपली दत्तपरंपरा या अवधूतांनाच दत्तप्रभू मानते. म्हणजे जो स्वतः गुरूंचा गुरू, तोच शिकायला निघाला तेव्हा कुठल्याही दारात उभा राहिला. आपण दत्ताचे म्हणवतो, तर ही सवय आपल्यालाही हवी. म्हणून यंदा दत्तजयंतीच्या निमित्ताने फार लांबच्या एका वाटेबद्दल लिहितो आहे.

ही वाट आहे दक्षिण अमेरिकेत, पेरू देशात. तिचं नाव इंका ट्रेल. इंका लोकांचं राज्य तिथल्या अँडीज पर्वतात होतं. त्यांनी डोंगरात दगडी रस्ते बांधले. या राज्याच्या सगळ्या रस्त्यांची लांबी सुमारे तीस हजार किलोमीटर होती. चाकाची गाडी नाही, घोडा नाही, सगळा कारभार माणसाच्या पायावर आणि लामाच्या पाठीवर. या रस्त्यांपैकी एक तुकडा, जेमतेम त्रेचाळीस किलोमीटरचा, माचू पिचू नावाच्या प्राचीन नगरीच्या अवशेषांपर्यंत जातो. चालायला चार दिवस लागतात.

माझे एक मित्र, आमच्या बँकेतलेच, निवृत्तीनंतर मुलाबरोबर या वाटेने गेले. वय त्रेसष्ट. मुलगा अमेरिकेत असतो, त्यानेच सगळं ठरवलं होतं. त्यांच्यावर तिथे जे गुदरलं ते त्यांच्या परवानगीने, नाव न घेता सांगतो. कारण त्यात आपल्या उपासनेतला एक फार महत्त्वाचा प्रश्न आहे: गुरू नेमका कशासाठी करायचा?

आधी त्या वाटेचे नियम ऐका. गेली वीसेक वर्षं तिथे एकट्याने जायला मनाई आहे. सरकारी परवाना असलेला वाटाड्या बरोबर लागतोच. दिवसाला फक्त पाचशे माणसांना आत सोडतात, आणि त्या पाचशेत वाटाडे, स्वयंपाकी, हमाल सगळे आले. दर वर्षी फेब्रुवारीत वाट बंद ठेवून दुरुस्ती करतात. हमालाच्या पाठीवर किती ओझं द्यायचं यालाही कायदा आहे, साधारण वीस किलोच्या आत. नाक्यावर वजन करून मगच पुढे सोडतात.

तुम्ही म्हणाल, वाट दगडांनी बांधलेली आहे, ठळक दिसते, मग वाटाड्या कशाला? हाच प्रश्न आपल्याकडे लोक वेगळ्या शब्दांत विचारतात. ग्रंथ छापलेले आहेत, मोबाईलवर प्रवचनं आहेत, मग गुरू कशाला? याचं उत्तर माझ्या मित्राला दुसऱ्या दिवशी मिळालं.

पहिला दिवस सोपा असतो. नदीच्या काठाकाठाने चाल, मध्ये पातायाक्ता नावाच्या जुन्या वस्तीचे अवशेष, आणि संध्याकाळी साधारण तीन हजार मीटर उंचीवर मुक्काम. दुसऱ्या दिवशी मात्र एका दमात बाराशे मीटर चढायचं असतं. वर जी खिंड आहे तिची उंची ४२१५ मीटर. आपलं कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे अडीच कळसूबाई एकावर एक ठेवल्या तरी थोडं उरेल. तिथली हवा विरळ. तरणाताठा माणूससुद्धा दहा पावलं टाकतो आणि थांबतो. उंचीचा त्रास कुणाला होईल हे वयावर नसतं, व्यायामावरही नसतं.

खिंड चारशे मीटर राहिली असताना आमच्या मित्राचं डोकं ठणकायला लागलं. उलटी झाली. पाय सरळ पडेनात. वाटाड्याने त्यांना बसवलं, बोटाला यंत्र लावून प्राणवायू पाहिला, दोन प्रश्न विचारले आणि शांतपणे म्हणाला, तुम्ही आता खाली जायचं.

मित्र म्हणाले, "मी इतके पैसे भरलेत. अर्धी पृथ्वी ओलांडून आलोय. समोर दिसतेय खिंड. जरा बसतो, मग चढतो."

तो म्हणाला, "डोंगर इथेच राहणार आहे. तुम्हीही राहायला हवं."

मुलगा म्हणाला, "बाबा, मीही तुमच्याबरोबर परत येतो." त्यावर बापाने त्याला सांगितलं, "तू जा. दोघांनी परत फिरून काय मिळणार?" मग एक सहायक वाटाड्या आणि एक हमाल यांनी त्यांना धरून खाली आणलं. मित्र सांगतात, सगळ्या वाटेवर ते रडत होते. दुखण्याने नव्हे, रागाने. वाटाड्यावर राग, शरीरावर राग, देवावरसुद्धा राग. पण जसजसे खाली उतरले तसतसं डोकं हलकं झालं. उंचीच्या त्रासावर पहिलं औषध हेच की खाली उतरा. जो हट्टाने वर जातो त्याच्या मेंदूत नाहीतर फुप्फुसात पाणी होऊ शकतं, आणि मग काही तासांचाच प्रश्न असतो.

भक्त हो, आता विचार करा. वाट दाखवायला फलक पुरतो, नकाशा पुरतो. पण "आता तू थांब" हे सांगायला नकाशाला तोंड नसतं. ते सांगायला माणूस लागतो, आणि तोही असा की ज्याला तुमच्या रागाची भीती नाही. ज्याला तुमच्या पैशापेक्षा तुमचा जीव मोलाचा वाटतो. गुरूची पारख करायची असेल तर मला ही खूण सगळ्यात खरी वाटते. जो नेहमी आपल्या मनासारखंच बोलतो, आपल्या प्रत्येक इच्छेला आशीर्वाद देतो, पाकीट जाड असेल तर पुढच्या रांगेत बसवतो, तो वाटाड्या नव्हे. आजकाल असे पुष्कळ आहेत आणि त्यांच्या मांडवात गर्दी जास्त आपल्याच वयाच्या माणसांची असते, म्हणून स्पष्ट लिहिलं. त्या पेरूतल्या वाटाड्याच्या आणखी तीन गोष्टी बघा. तो स्वतः त्याच वाटेने, त्याच पायांनी चालतो. त्याच्यावरही कुणाची तरी देखरेख आहे, परवाना आहे. आणि नगरी दाखवून झाली की तो निरोप घेतो, तुम्हाला आयुष्यभर धरून ठेवत नाही. श्रीनृसिंहसरस्वती महाराजांनीसुद्धा गाणगापूर सोडताना भक्तांना पादुका दिल्या, उपासना दिली, आणि स्वतः श्रीशैलाकडे निघून गेले. भक्तांना रडू आलंच असणार. पण गुरू गेले तरी भक्ताने आपल्या पायांनी चालत राहावं, हीच त्यांची इच्छा.

आता वाटाड्यापेक्षाही जे कमी बोलतात त्यांच्याकडे वळू, म्हणजे हमाल. सकाळी प्रवासी निघाले की हे लोक तंबू उतरवतात, भांडी घासतात, सगळं पाठीला बांधतात. मग त्याच चढावर आपल्याला मागे टाकून पुढे जातात, आणि आपण धापा टाकत मुक्कामी पोहोचतो तेव्हा तंबू उभे असतात, गरम पाणी तयार असतं. फोटोत मात्र ते नसतात. आमच्या मित्राला खाली आणताना त्या हमालाने स्वतःचं ओझं दुसऱ्यांत वाटून दिलं होतं. मला हे ऐकताना आपली घरं आठवली. आपण सप्ताहाला बसतो, सोवळ्यात असतो, सात दिवस बाहेरचं खात नाही. तो स्वयंपाक कोण करतं? आपण पारायण पूर्ण केलं म्हणून सांगतो, पण ते पाठीवर वाहिलं कुणी? पत्नीने, सुनेने. समाप्तीच्या दिवशी देवाला नमस्कार केला की एकदा त्यांनाही "तुझ्यामुळे झालं" म्हणून बघा. तिथे वीस किलोचा कायदा आहे. घरातल्या बाईच्या पाठीवरच्या ओझ्याचं वजन कुठल्या नाक्यावर होतं?

अवधूतांचा पहिला गुरू पृथ्वी. तिच्याकडून सहनशीलता घेतली, आणि तिचेच भाग असलेल्या पर्वत-वृक्षांकडून परोपकार. गंमत अशी की अँडीजमधले लोकही पृथ्वीला आई मानतात. तिला पाचामामा म्हणतात. मोठ्या शिखरांना अपू म्हणजे रक्षण करणारे देव मानतात. चढ सुरू करण्याआधी कोकाची तीन पानं हातात धरून त्यावर फुंकर घालतात, प्रार्थना करतात आणि ती पृथ्वीला अर्पण करतात. खिंडीत पोहोचलेला वाटसरू तिथल्या दगडांच्या राशीवर एक दगड ठेवतो. बेलाची तीन पानं वाहणाऱ्याला आणि सकाळी अंथरुणातून उठताना भुईला पाय लावण्याआधी तिची क्षमा मागणाऱ्याला हे काही परकं वाटायला नको.

अवधूतांचा आणखी एक गुरू कुरर पक्षी. चोचीत मांसाचा तुकडा होता तोवर सगळे पक्षी त्याच्यामागे लागले. तुकडा टाकला आणि सुटला. या वाटेवर आपलं सामान वजन करूनच घ्यावं लागतं. लोक दुसऱ्या दिवशी म्हणतात, हे कशाला आणलं, ते कशाला आणलं. साठीनंतरचा आपला प्रवास चढाचाच आहे. कपाटातली न वापरलेली भांडी, जुने हिशेब, भावाशी वीस वर्षांपूर्वी वाटणीवरून झालेलं भांडण, हे सगळं पाठीवर घेऊन कुठली खिंड चढणार?

हिशेबावरून आठवलं. इंका लोकांना आपल्यासारखी लिपी नव्हती. मग एवढ्या राज्याचा हिशेब कसा ठेवायचे? दोरीला गाठी मारून. एका मुख्य दोरीला अनेक रंगीत दोऱ्या लोंबत, आणि त्यावर एकं, दहं, शतं अशा स्थानांवर गाठी. त्याला खिपू म्हणतात. काही खिपूंत तर एका दोरीवर बाकीच्यांची बेरीजही असते. आयुष्यभर लेजर जुळवणाऱ्या माणसाला हे वाचून हात जोडावेसे वाटले. पण पुढची गोष्ट अशी की आज संग्रहालयात ठेवलेल्या खिपूंमधले आकडे अभ्यासकांना वाचता येतात, मात्र ते आकडे कशाचे हे बहुतेक वेळा कळत नाही. मका, लोकर, की माणसं? बेरीज अचूक, खातं कुणाचं ते गेलं. आपल्या पासबुकांचंही दोनशे वर्षांनी यापेक्षा वेगळं काय होणार आहे!

आणि ज्या नगरीसाठी ही चार दिवसांची चाल, तिचं तरी काय झालं? इंका सम्राट पाचाकुती याच्या काळात, म्हणजे पंधराव्या शतकाच्या मध्याला ती वसली. शंभरेक वर्षांत ओस पडली. १५३२ साली स्पॅनिश पेरूत उतरले आणि राज्य बुडालं. पुढे झाडी वाढली. १९११ साली हायरम बिंगहॅम हा अमेरिकन अभ्यासक तिथे पोहोचला तोही एका स्थानिक शेतकऱ्याने वाट दाखवली म्हणून, आणि अवशेषांतून त्याला फिरवलं ते तिथेच शेती करणाऱ्या कुटुंबातल्या एका मुलाने. बालकही अवधूतांचा गुरू आहे, ते उगाच नाही.

चोवीस गुरूंतला कोळी आपल्यातूनच जाळं काढतो, त्यात खेळतो आणि शेवटी गिळून टाकतो. परमेश्वर जगाचं तसंच करतो, असं अवधूत सांगतात. छपरं गेली, राजे गेले, तरी तिथे दोन गोष्टी शाबूत आहेत. एक, चुन्याशिवाय एकमेकांत घट्ट बसवलेले दगड, जे भूकंपातही टिकले. दुसरी, झऱ्याचं पाणी एका कुंडातून दुसऱ्या कुंडात नेणारी सोळा कुंडांची ओळ. पायाखाली पाण्याचा निचरा व्हावा म्हणून दगडांच्या कपऱ्यांचे थर घातलेले आहेत, ते वरून कुणाला दिसत नाहीत. त्या न दिसणाऱ्या कामावर दिसणारी नगरी उभी आहे. रोजची नित्यपूजा, कुणाला न सांगता केलेला जप, गुपचूप दिलेली मदत, हा आपला पाया.

शेवटी एक गोष्ट राहिली. आपण समजतो की देव सगळ्यात उंच जागी बसलेला असतो. त्या वाटेवर खिंड ४२१५ मीटरवर आणि माचू पिचू २४३० मीटरवर. म्हणजे चढून गेल्यावर जवळजवळ अठराशे मीटर उतरावं लागतं, तेव्हा ती नगरी भेटते. चढणं हा मधला टप्पा आहे, पोहोचणं उतरण्यानंतर आहे. आमच्या मित्राचं उतरणं जरा लवकर झालं इतकंच. एक दिवस खालच्या गावात विश्रांती घेऊन ते आगगाडीने आणि मग बसने चौथ्या दिवशी माचू पिचूला पोहोचले. मुलगा सूर्यद्वारातून, म्हणजे वरच्या बाजूने आला. बाप खालच्या दारातून आला. दोघांची भेट त्या दगडी पायऱ्यांवर झाली. वाटाड्याने मित्राला पाहिलं आणि आधी त्यांचा हात हातात घेऊन विचारलं, डोकं दुखतंय का?

तुमच्यापैकी कित्येकांनी तरुणपणी गिरनारच्या दहा हजार पायऱ्या चढल्या असतील. आता गुडघे ऐकत नाहीत. कुणी डोलीत बसतं, २०२० पासून अंबाजीपर्यंत रोपवे झाला आहे त्याने कुणी जातं, आणि कुणाला डॉक्टरांनी तेही नको म्हणून सांगितलं आहे. त्यांनी मनाला लावून घेऊ नये. परत फिरवणाराही तोच आहे. त्याने वरून हाक मारली तर चढावं, "खाली थांब" म्हटलं तर घरातल्या पादुकांसमोर बसावं. तोही त्याच नगरीचा दरवाजा आहे. त्याला येणं जमत असतं, आपल्याला जमलं नाही तरी.

अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त!