ऐकणाऱ्याची जागा

धाकट्या भावाची इलेक्ट्रिक गिटार कापावी की कापू नये, असा प्रश्न गेल्या पावसाळ्यात आमच्या घरात उभा राहिला आणि वडीलकीच्या नात्याने तो निवाड्यासाठी माझ्यापुढे आला. ही गिटार भावाने तरुणपणी, संगमनेरातल्या एका ऑर्केस्ट्रात वाजवत असताना, पै-पै साठवून घेतलेली. आता ती त्याच्या मुलाच्या हातात आहे. मुलगा वरातीत आणि गणपतीच्या मिरवणुकीत वाजवणाऱ्या एका बेंजो पार्टीत जातो. गिटारीवर मुळात दोन पिकअप आहेत, एक घोडीजवळ आणि एक मानेपाशी. या दोहोंच्या मधे, घोडीपासून पाच इंचांवर, कुणी बसवत नाही अशा जागी त्याला तिसरा पिकअप बसवायचा होता. त्यासाठी गिटारीच्या अंगात खाच पाडावी लागणार होती. बाप म्हणाला, "माझ्या डोळ्यांदेखत लाकडाला पटाशी लावायची नाही." मुलगा म्हणाला, "काका, तुम्हीच सांगा. मी काय वाद्य मोडतोय?"

मी आयुष्यभर शाळेत पदार्थविज्ञान शिकवले, एवढेच माझे या विषयातले भांडवल. तरी मी निवाडा द्यायला बसलो. निवाडा देण्याची मला सवय आहे, आणि त्या सवयीबद्दलच मला आज लिहायचे आहे.

वाद्यात फेरफार करणे हा गुन्हा आहे, असे मला कधीच वाटले नाही. पुतण्याच्या पार्टीतला बेंजो हाच त्याचा साक्षीदार आहे. आपल्याकडे ज्याला बेंजो म्हणतात तो मुळात बेंजो नव्हेच. १९१२ साली जपानातल्या नागोया शहरी गोरो मोरिता नावाच्या गृहस्थाने तारांवर टंकलेखन यंत्रासारख्या कळा बसवून ताइशोगोतो नावाचे वाद्य केले. ते हिंदुस्थानात येऊन बुलबुलतरंग झाले. पुढे आपल्या कारागिरांनी त्याच्या तारांखाली पिकअप बसवला, आणि घरात हळू आवाजात वाजणारे ते नाजूक वाद्य ढोलताशांच्या गदारोळात सगळ्यांच्या वर चढून बोलू लागले. ज्याने ते प्रथम घडवले त्याची परवानगी कुणी घेतली नव्हती, आणि घेतली नाही म्हणून काही बिघडले असेही म्हणवत नाही.

परंतु भावाचे म्हणणे तेवढ्याने खोटे ठरत नव्हते. पाडलेली खाच बुजवता येते, पण पूर्वीचे लाकूड परत येत नाही. जे परत फिरवता येत नाही ते करण्यापूर्वी माणसाने थांबावे, हे त्याचे म्हणणे मला रास्त वाटले. म्हणून मी मधला मार्ग सुचवला. खाच पाडण्याआधी सुटा पिकअप त्या जागी तारांवर हातात धरायचा, वायर जोडायची, आणि ऐकायचे. मग ठरवायचे.

पिकअप ही वस्तू दिसायला किरकोळ असते. एक लोहचुंबक आणि त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. पोलादी तार त्याच्यासमोर थरथरली की चुंबकक्षेत्र बदलते आणि वेढ्यांत वीज उत्पन्न होते. फॅराडेने १८३१ साली दाखवलेले तत्त्व ते हेच. तार या टोकापासून त्या टोकापर्यंत थरथरत असते, परंतु पिकअपला ती सगळी दिसत नाही. त्याच्यासमोर जो बोटभर तुकडा असतो तेवढ्याचीच बातमी तो पुढे पाठवतो.

आणि तार एकाच प्रकारे हलत नाही. ती सबंध लांबीने हलते, त्याच वेळी दोन भागांत हलते, तीन भागांत, चार भागांत, पाच भागांत हलते. या प्रत्येक हालचालीचा एक उपस्वर असतो. तंबोरा लक्ष देऊन ऐकणाऱ्याला कुणी न छेडलेला गंधार ऐकू येतो. त्याला आपले गवई स्वयंभू गंधार म्हणतात. तो या पाच भागांतल्या हालचालीतून येतो. आता जी तार पाच भागांत हलते तिच्यावर मधले चार बिंदू असे असतात की त्या हालचालीपुरते ते स्थिर राहतात. शाळेच्या पुस्तकात त्यांना निस्पंद बिंदू म्हणतात. अशा बिंदूसमोर पिकअप बसवला तर तो उपस्वर त्याला जवळजवळ ऐकूच येत नाही.

पुतण्याच्या गिटारीची तार साडेपंचवीस इंचांची आहे. तिचा पाचवा हिस्सा पाच इंचांहून किंचित अधिक. पोराने नेमकी तीच जागा धरली होती, आणि तीही गणिताने नव्हे, कानाने. त्याने सुटी तार छेडली. आवाज मऊ, गोल, थोडासा पोकळ बांबूसारखा आला. मला तो आवडला. मग टेप लावून मोजले आणि मी त्याला सांगितले, "अरे, इथे तुझा गंधार गळतोय." पडद्यावर बोट ठेवले की तार आखूड होते आणि हे गणित बदलते, पण मोकळ्या तारेपुरते माझे म्हणणे खरे होते. त्याने पुन्हा छेडून पाहिले आणि सरळपणे म्हणाला, "काका, मला तर काही कमी आहे असं वाटत नाही."

त्याचे हे वाक्य माझ्या मनातून जाईना. कारण ते अगदी बरोबर होते. गंधार गळालेल्या त्या आवाजात गंधार गळाल्याची खूण कुठेच नव्हती. उलट तो अधिक सुबक, अधिक पूर्ण वाटत होता. बहिऱ्या माणसाला आपण बहिरे आहोत हे समोरच्याचे ओठ हलताना पाहून तरी कळते. जागेमुळे आलेल्या बहिरेपणाला तेवढीही सोय नसते.

आणि मग मला माझी बहीण आठवली.

१९९८ साली आमचे वडील गेले. प्रवरेच्या काठची थोडी बागाईत जमीन मागे होती. आम्ही दोघे भाऊ आणि एक बहीण. बहीण शेजारच्या अकोले तालुक्यात दिलेली. मुलीला बापाच्या मिळकतीत वारसहक्क १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानेच मिळालेला होता. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलासारखा वाटा देण्यासाठी महाराष्ट्राने १९९४ साली कायद्यात दुरुस्ती केली होती, केंद्राने ती पुढे २००५ साली केली. हे सगळे मला माहीत होते. मी शिक्षक होतो आणि स्वतःला सुधारक समजत होतो. म्हणून इतर घरांत जसे बहिणीला न विचारता सही घेतात तसे मी केले नाही. तेराव्यानंतर ओसरीवर सगळे बसले असताना, चुलते, मामा, दोन्ही मेहुणे, गावातले दोन प्रतिष्ठित, यांच्या देखत मी तिला स्पष्ट विचारले, "ताई, हक्कसोडपत्र करायचं आहे. तुझी काही हरकत?" ती दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. म्हणाली, "नाही." तिने सही केली. पुढे पंचवीस वर्षे मी हा प्रसंग माझ्या सरळपणाचा दाखला म्हणून मनात जपला. मी विचारले होते!

विचारले होते खरे. पण कुठे बसून? सगळ्या बाप्यांच्या त्या मंडळात, जिथे बहिणीने हक्क मागितला की माहेर तुटले असे मानणारी माणसे बसली होती, तिथे तिच्या मनातली इच्छा निस्पंदच राहणार. ती इच्छा नव्हती असे नाही. त्या जागी ती हलू शकत नव्हती. आणि मला आलेला "नाही" हा आवाज किती गोल, किती पूर्ण होता!

एखादा म्हणेल की ती सज्ञान होती, तिला तोंड होते, तिने बोलायचे होते. हा आक्षेप मी स्वतःशीच पुष्कळदा घेऊन पाहिला आहे. त्यात तथ्य नाही असे नाही, परंतु तो तारेला दोष देणारा आहे. तार हलतच होती. ऐकायची जागा मी निवडली होती.

दुसरा म्हणेल की एका जागेने भागत नसेल तर चार जागा घ्याव्यात, सगळ्यांचे ऐकावे. हाही उपाय गिटारीवर होऊन गेला आहे. लिओ फेंडर या अमेरिकन कारागिराने १९५४ साली स्ट्रॅटोकास्टर नावाची गिटार बाजारात आणली, तिला तीन पिकअप होते. गंमत अशी की या गृहस्थांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. वादकांनी त्यातले दोन-दोन पिकअप एकदम चालू करून पाहिले तेव्हा आवाज दुप्पट भरीव होण्याऐवजी एक वेगळाच, पोकळसर आवाज आला. कारण एखाद्या उपस्वरात तार एका पिकअपपाशी वर जात असते तेव्हा दुसऱ्यापाशी खाली येत असते. दोघांच्या बातम्या एकत्र केल्या की त्या एकमेकींना खोडतात. आमच्या ओसरीवर सगळ्यांचेच ऐकले गेले होते. बेरीज झाली, आणि त्या बेरजेत बहिणीचा स्वर वजा झाला.

मग तटस्थ राहावे काय? अगदी घोडीला चिकटून पिकअप बसवला तर त्याला जवळजवळ सगळे उपस्वर मिळतात हे खरे. पण तिथे तार फार थोडी हलते. मूळ स्वर क्षीण होतो, आवाज पातळ आणि टोचरा होतो. कुठलाही स्वर न गाळणारी जागा ही कुठलाही स्वर पुरता न ऐकणारी जागा असते. कोर्टकचेऱ्यांतून ज्यांनी तटस्थ न्याय घेतला आहे त्यांना मी काय म्हणतो ते कळेल.

फेंडरच्या त्याच गिटारीत घोडीजवळचा पिकअप तिरपा आहे. बारीक तारांकडचे टोक घोडीच्या जवळ, जाड तारांकडचे दूर. जिमी हेन्ड्रिक्स डावखुरा होता. त्याने उजव्या हाताची गिटार उलटी धरली आणि तारा उलट्या क्रमाने चढवल्या. मग त्याच पिकअपपुढे जाड तारा घोडीच्या जवळ आल्या आणि बारीक तारा दूर गेल्या. पिकअप जागचा हलला नाही, वाद्य धरणारा हात बदलला, आणि प्रत्येक तार वेगळ्या जागेवरून ऐकू येऊ लागली. आपली जागा ही शेवटची नव्हे, एवढे कळायला कधी कधी आपल्याहून वेगळ्या हाताचा माणूस लागतो.

तंबोऱ्यापाशी मात्र मला थोडा धीर येतो. तार ज्या बिंदूवर छेडावी त्या बिंदूवर निस्पंद असणारा उपस्वर उमटत नाही, असा टॉमस यंग या इंग्रज शास्त्रज्ञाचा नियम आहे. म्हणजे जो नियम ऐकण्याला तोच छेडण्याला. १९२१ साली चंद्रशेखर वेंकट रामन यांनी कलकत्त्यात तंबोरा आणि वीणा तपासल्या आणि हा नियम तिथे मोडतो असे दाखवून दिले. उमटू नये तो उपस्वर तंबोऱ्यात स्वच्छ उमटतो. कारण तंबोऱ्याची घोडी धारदार नसते. ती रुंद आणि किंचित बाकदार असते, तिच्यावर तारेखाली सुताचा धागा असतो, आणि तार तिला हलकेच घासत राहते. मिरजेचे कारागीर जवारी काढताना ती घोडी कानसेने घासतात, ऐकतात, पुन्हा घासतात. छेडण्याची जागा बदलत नाही. तारेचा भार जिच्यावर आहे ती घोडीच तारेला थोडी जागा देते, आणि हरवलेला स्वर परत येतो.

गिटारीचा निवाडा शेवटी मी दिलाच नाही. पुतण्यानेच तोड काढली. गिब्सन कंपनीने १९७३ साली ग्रॅबर नावाची बेस गिटार काढली होती, तिचा पिकअप पुढेमागे सरकवता येई. ते वाचून त्याने एक पातळ पिकअप मिळवला आणि ॲल्युमिनियमच्या पट्टीवर तारांखाली असा बसवला की तो सरकतो. लाकडाला धक्का नाही. भाऊ दाराआडून ऐकत होता. म्हणाला, "थोडा मागं घे." बापाने मुलाच्या त्या वाद्याविषयी काढलेले ते पहिले शब्द.

त्यानंतरच्या रविवारी मी अकोल्याची एसटी धरली. बहिणीकडे गेलो की मी बाहेरच्या खोलीत मेहुण्यांशी बोलत बसतो. त्या दिवशी आत गेलो, ती भाकरी थापत होती तिथे पाटावर बसलो. हरकत होती का, असे विचारले नाही. म्हणालो, "ताई, तेव्हा तुला काय हवं होतं?" ती बराच वेळ बोलली नाही. तव्यावरची भाकरी उलटून म्हणाली, "दादा, तू विचारलंस तेव्हा स्टँपपेपर आणून झाला होता."

मला ते आठवत नव्हते. आठवून पाहिले तेव्हा आठवले. आदल्या दिवशी मीच आणवला होता. म्हणजे मी खाच आधी पाडली होती, आणि मग ऐकायला बसलो होतो.

"आणि आता विचारतोस म्हणून सांगते," ती म्हणाली, "हवी होती. वीस गुंठे का होईना, माझ्या नावावर हवी होती."

बहिणीला जमीन नको असते, तिला फक्त माहेर हवे असते, असे मी इतकी वर्षे मानत आलो. ते मला सोयीचे होते. कायद्याच्या दृष्टीने तिची सही पक्की आहे. पण माझ्या हिश्श्यातून बक्षीसपत्र करून देण्याला कायद्याची आडकाठी नाही. माझ्या मुलांशी मात्र अजून बोलणे व्हायचे आहे. ते काय म्हणतील हे मला खरोखरच ठाऊक नाही. एवढे ठरवले आहे की त्यांना ओसरीवर, चारचौघांत विचारायचे नाही, आणि स्टँपपेपर आधी आणायचा नाही.

भाऊबीजेला ताई येणार आहे.