राखणदाराचे तोंड बांधून

बंद पडलेली वस्तू पुन्हा चालू झाली, एवढ्यावरून ती दुरुस्त झाली असे म्हणता येईल का? प्रश्न वरवर पाहता पोरकट वाटेल. चालू झाली म्हणजे दुरुस्त झालीच की, आणखी काय हवे? गिऱ्हाईक तेच म्हणते, कारागीरही बहुधा तेच म्हणतो, आणि पैशांची देवघेव होऊन दोघे आपापल्या कामाला लागतात. परंतु संगणकाचे मॉनिटर दुरुस्त करणाऱ्याच्या टेबलाशी थोडा वेळ बसले, तर हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही हे ध्यानात येते.

उदाहरणादाखल एकच बिघाड घेऊ. मॉनिटर सपाट पडद्याचा, पण एलईडीच्या आधीच्या पिढीतला. बटण दाबले की चित्र उमटते आणि दोन सेकंदांत पडदा काळा. बंद करून पुन्हा चालू करा, पुन्हा दोन सेकंदांचा उजेड आणि पुन्हा अंधार. बटणाशेजारचा छोटा हिरवा दिवा मात्र काहीच न घडल्यासारखा जळत असतो. अशा वेळी खोलीतला उजेड कमी करून पडद्यावर तिरपा टॉर्च मारून पाहावा. चित्र तेथेच असते! अक्षरे पुसट दिसतात, बाणही हलताना दिसतो. गेला आहे तो फक्त मागचा उजेड.

कारण एलसीडीचा पडदा स्वतः प्रकाश देत नाही. तो दिवसा रंगीत दिसणाऱ्या काचेच्या खिडकीसारखा आहे; मागून उजेड आला तरच रंग दिसायचे. त्या पिढीत हा उजेड काडीएवढ्या बारीक काचेच्या नळ्या देत. सतरा-एकोणीस इंची मॉनिटरात बहुधा अशा ४ नळ्या असतात, दोन वर आणि दोन खाली. आपल्या घरातल्या ट्यूबलाइटची ही सख्खी चुलत भावंडे, पाऱ्याचा अंश पोटात बाळगणारी. त्या पेटवायला हजार व्होल्टच्याही वर दाब लागतो आणि पेटल्यावर जळत ठेवायला ६००-८०० व्होल्ट. आतल्या १२ किंवा २४ व्होल्टमधून हा दाब तयार करणारी जी पाटी असते तिला इन्व्हर्टर म्हणतात. विजेच्या लपंडावात घरोघर आलेला बॅटरीचा इन्व्हर्टर वेगळा. हा तळहातावर मावतो.

या पाटीवर एक राखणदार बसवलेला असतो. प्रत्येक नळीतून ठरलेला प्रवाह, काही मिलिअँपियर एवढाच, वाहतो आहे ना हे तो पाहत राहतो. एखादी नळी म्हातारी झाली, तिचे टोक काळवंडले किंवा तिला वीज पुरवणाऱ्या ट्रान्सफॉर्मरचे वेटोळे जळले, की प्रवाहाचा मेळ बिघडतो. राखणदार सेकंद-दोन सेकंद वाट पाहतो आणि चारही नळ्या विझवून टाकतो. का? तर ज्या उच्च दाबाला जायला वाट उरली नाही, तो भलतीकडे उडी मारू नये, ठिणगी पडू नये, ट्रान्सफॉर्मर तापून त्याच्यावरचे प्लास्टिक करपू नये म्हणून. म्हणजे हा काळा पडदा हा मूळ रोग नव्हेच. ती रोगाने मारलेली हाक आहे.

आता कारागिरापुढे वाटा किती? नळी दोषी की ट्रान्सफॉर्मर, हे आधी ठरवायचे. त्यासाठी चांगली नळी एकेका जागी लावून पाहतात, किंवा दोन्ही ट्रान्सफॉर्मरच्या बाहेरच्या वेटोळ्यांचा रोध मोजून ताडून पाहतात. दोन जुळ्या भावांपैकी एकाचे वजन एकदम कमी भरले तर आजारी कोण ते सांगावे लागत नाही. मग नळी बदलायची तर संपूर्ण पॅनेल उघडायचे, आतले पातळ कागद धूळ न लागू देता बाजूला काढायचे आणि काडीसारखी काच न मोडता बसवायची. दोन तासांचे काम, शिवाय नळी मिळाली पाहिजे. दुसरी वाट, नळ्या काढून एलईडीची पट्टी बसवणे. आणि तिसरी वाट दहा मिनिटांची. राखणदाराचा निरोप नियंत्रक चिपच्या ज्या पायावर पोचतो, तो पाय ग्राउंडला जोडून टाकायचा. सोल्डरचा एक थेंब. राखणदाराचे तोंड बांधले. पडदा उजळतो आणि उजळलेलाच राहतो.

आमच्या बेळगावात खडेबाजाराजवळच्या एका बोळात मी हा प्रसंग पाहिला. लग्नपत्रिका आणि मराठी-कन्नड दोन्ही मजकूर जुळवणारे एक गृहस्थ मॉनिटर काखोटीला मारून आले होते. दिवाळी तोंडावर. "अण्णा, अंक छपाईला जायचाय. आठवडाभर तरी चालू दे की," म्हणाले. कारागीर म्हणाला, "चालू करायला दहा मिनिटं लागतात हो. पण चालू करणं वेगळं आणि नीट करणं वेगळं. आधी ऐकून घ्या, मग सांगा."

आपल्यापैकी पुष्कळांनी घरच्या फ्यूजमध्ये जाड तार घातलेली पाहिली असेल. फ्यूज वारंवार जातो म्हणून वैतागून कोणीतरी ती घालतो आणि फ्यूज जायचा थांबतो. पर्वतावर धूर आहे, त्याअर्थी तेथे अग्नी आहे, हे न्यायशास्त्रातले घासून गुळगुळीत झालेले उदाहरण. पण धूर दिसेनासा केला म्हणजे अग्नी विझला, असे अनुमान कोणा नैयायिकाने काढलेले नाही. आपण मात्र ते रोज काढतो. ताप उतरवणारी गोळी घेऊन कामावर जाणारा माणूस तेच करतो. आणि रात्री कुत्रे भुंकते म्हणून त्याचे तोंड बांधून झोपणारा घरधनीही तेच करतो.

येथवर बहुतेक वाचक माझ्याशी सहमत होतील. अडचण पुढे आहे, कारण त्या कारागिराच्या व्यवसायातल्याच एकाने मला जे ऐकवले ते निव्वळ थाप म्हणून सोडून देण्यासारखे नव्हते. त्याचे म्हणणे असे : राखणदाराची मर्यादा कोणी ठरवली? कंपनीने. कंपनीला नवा मॉनिटर विकायचा आहे. नळी थोडी मंदावली, एवढ्यावरून ती आग लावणार असे थोडेच आहे? शेकडो मॉनिटर असे चालवून दिले, एकही जळला नाही. शिवाय गिऱ्हाईक शहाणेसुरते आहे, त्याला सांगितले, तो हो म्हणाला. मग माझे पाप ते कोणते?

यातला पहिला भाग मी निम्मा मान्य करतो. यंत्रात बसवलेली प्रत्येक मर्यादा ही वेदवाक्य नसते. कधी ती फाजील सावध असते. पण ती फाजील आहे की रास्त, हे मोजून ठरवायचे असते. न मोजता तोंड बांधणाऱ्याला तसे म्हणण्याचा अधिकार नाही. "एकही जळला नाही" हा पुरावा तर फारच लंगडा. जो जळला त्याचा मालक या दुकानात पुन्हा कशाला येईल?

दुसरा भाग, संमतीचा, अधिक अवघड आहे. माणसाने जाणूनबुजून धोका पत्करला तर इतरांनी त्याला का अडवावे? स्वतःपुरता पत्करला तर अडवू नये, असे मीही म्हणेन. परंतु मॉनिटर एका माणसाजवळ राहत नाही. कार्यालयातून तो जुन्या मालाच्या व्यापाऱ्याकडे जातो, तेथून एखाद्या क्लासमध्ये, तेथून खेड्यातल्या शाळेत. ज्या पोरासमोर तो शेवटी ठेवला जाईल, त्याची संमती कोणी घेतली? फ्यूजमधली जाड तार निदान झाकण काढले की दिसते. हा सोल्डरचा थेंब लोखंडी पत्र्याच्या आत, पाटीच्या पाठीमागे, मोहरीएवढा. ज्याला ठाऊक होते तो गिऱ्हाईक वस्तू विकून मोकळा झाला आणि वस्तू आता प्रत्येक नव्या मालकाशी खोटे बोलते. पुढच्या कारागिराशीही बोलते. तो बिचारा लक्षणांवरून निदान करू पाहतो, आणि लक्षणेच पुसून टाकलेली.

म्हणून तडजोड मुळीच करू नये, असा सोवळेपणा मी सांगत नाही. पुढच्या पिढीतल्या एलईडी मॉनिटरात दहाएक एलईडी एका माळेत जोडलेले असतात, प्रत्येकाला सुमारे ३ व्होल्ट. एकाची वाट तुटली की सगळी माळ अंधारात. काही कारागीर तेवढा एक मेलेला एलईडी वळसा घालून वगळतात आणि उरलेल्यांवर ताण येऊ नये म्हणून प्रवाह थोडा कमी करतात. उजेड जरा मंद होतो, एका कोपऱ्यात किंचित सावली दिसते. ही तडजोडच आहे, पण ती लपत नाही. मंद उजेड पाहणाऱ्याला स्वतःच सांगतो की मी पूर्वीचा राहिलेलो नाही.

वीजपुरवठ्याच्या बाजूची गोष्ट आणखी वेगळी. मॉनिटर पाच-सहा वेळा बटण दाबल्यावर लागतो, हिवाळ्यात सकाळी तर लागतच नाही, अशी तक्रार पुष्कळांनी केली असेल. दोष बहुधा फुगलेल्या कपॅसिटरचा. आतला द्रव सुकत आलेला असतो. गरम झाला की थोडे काम करतो. काही घरांत म्हणे केस वाळवायच्या यंत्राने मॉनिटरला ऊब देत! या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत तर सदोष द्रव भरलेले कपॅसिटर जगभर पसरले आणि लाखो यंत्रे अकाली गेली. पण चांगल्या मालालाही आयुष्य असते. १०५ अंशांवर २,००० तास टिकेल असे लिहिलेला कपॅसिटर दर १० अंश कमी तापला तर साधारण दुप्पट टिकतो. ६५ अंशांवर ठेवाल तर ३२,००० तास, म्हणजे रोज ८ तास धरून जवळजवळ ११ वर्षे. ८५ अंशांवर ८,००० तास, तीन वर्षेही नाहीत. मॉनिटरवर कापडी झाकण घालून तो तसाच चालू ठेवणाऱ्यांनी हा हिशेब जरूर करावा. येथे नीतीचा पेच लहान आहे : चारांपैकी एक फुगलेला दिसला म्हणून एकच बदलायचा की चारही? उरलेले तीन त्याच भट्टीत भाजले गेले आहेत. काही रुपयांच्या मालासाठी गिऱ्हाईक सहा महिन्यांनी पुन्हा यावे अशी व्यवस्था करणारे कारागीर आहेत. त्यांच्याविषयी अधिक लिहीत नाही.

फ्यूज जळालेला सापडला तर मात्र चांगला कारागीर लगेच नवा घालत नाही. घरातले २३० व्होल्ट आत शिरल्यावर सुमारे ३२५ व्होल्ट होऊन मोठ्या कपॅसिटरात साठतात, आणि प्लग काढल्यावरही तेथे दबा धरून बसू शकतात. पुढे काही शॉर्ट असेल तर नवा फ्यूजही जाणार. म्हणून आधी साठलेला दाब रोधातून उतरवायचा, पुढचे भाग तपासायचे, मग वाटेत ६० किंवा १०० वॉटचा साधा बल्ब जोडून वीज सोडायची. बल्ब भगभगीत पेटून तसाच राहिला तर दोष अजून आत आहे. त्या बल्बमध्ये राखणदाराबद्दलचा आदर आहे, असे मला नेहमी वाटते.

आता एक गोष्ट सांगितली नाही तर हा सगळा उपदेश अन्यायाचा होईल. स्टुलावर बसलेल्या त्या माणसाला सर्किटचा नकाशा कोणी देत नाही. सुटी नळी देत नाही. दोष एका भागात असला तरी कंपनी अख्खी पाटी बदला म्हणते आणि पाटीची किंमत जुन्या मॉनिटरपेक्षा जास्त. केंद्र सरकारने २४ डिसेंबर २०२२ रोजी दुरुस्तीच्या हक्कासाठी एक पोर्टल सुरू केले. कंपन्यांनी दुरुस्तीची माहिती आणि सुटे भाग यांची सोय तेथे खुली करावी हा हेतू. हेतू चांगलाच आहे. परंतु जोवर बोळातल्या टेबलापर्यंत नकाशा आणि नळी पोचत नाही, तोवर वरच्या सगळ्यांनी झटकलेली जबाबदारी शेवटी त्या टेबलावर येऊन पडते, आणि सर्वांत कमी मिळकत असलेल्या माणसाकडून आपण सर्वांत मोठ्या सचोटीची अपेक्षा करत राहतो. गिऱ्हाईकही तसेच. पैसे असणाऱ्याला तत्त्व पाळणे स्वस्त पडते. ज्याच्या अंकाची पाने अडली आहेत त्याला ते परवडत नाही.

तरीही परवडत नाही म्हणून तोंड बांधणे आणि ते लपवणे, या दोन गोष्टी मी एका मापाने मोजणार नाही. पहिलीला कारण आहे. दुसरीला काहीच नाही, कारण सांगायला पैसा पडत नाही.

त्या दिवशी कारागिराने आठवडाभरापुरते काम करून दिले. अट घातली : रात्री मॉनिटरचा प्लग काढायचा, करपल्याचा वास आला तर त्याच क्षणी बंद करायचा आणि अंक छापून झाला की परत आणायचा. मागचे झाकण लावण्यापूर्वी त्याने आतल्या पत्र्यावर मार्करने लिहायला घेतले. मराठीत दोन शब्द लिहिले आणि थांबला. पुढे हे कोण उघडील, त्याला मराठी येईल की कन्नड, काय नेम? मग खाली तेच कन्नडमध्ये लिहिले, त्याच्याखाली चिपचे चौकोनी चित्र काढून त्या एका पायावर फुली मारली, आणि कडेला तारीख टाकून झाकणाचे स्क्रू आवळले.