जमिनीचे दाम आणि कायक



बेळगाव परिसरातील भक्त मठात येत, तेव्हा पूर्वी पावसापाण्याची, भाताच्या पिकाची गोष्ट निघे. आता निघते ती गुंठ्याच्या दराची. उद्यमबागेतील फौंड्र्या, होनगा-काकतीकडील कारखाने आणि त्यांच्या मागोमाग पडलेले प्लॉट यांनी शिवाराचे रूप पालटले. येळ्ळूर, वडगावच्या ज्या शिवारांनी बासमती तांदळाचे नाव मिळविले, तेथेही आता बांधाला बांध लागून घरे दिसतात. अशा वेळी भक्त विचारतात : 'स्वामीजी, जमिनीचे पैसे आले आहेत. त्यांतून दासोह केला तर चालेल ना?'

प्रश्न साधा दिसतो, पण तो शरणधर्माच्या गाभ्याला भिडतो. सत्यशुद्ध कायकातून येते तेच दासोहाला योग्य, ही शरणांची मर्यादा. मग जमिनीचे दाम हे कायकाचे फळ म्हणावे काय?

आयदक्की मारय्यांची कथा आपणांस ठाऊक आहे. कल्याणात बसवण्णांच्या अंगणात सांडलेले तांदूळ वेचणे हे त्यांचे कायक. एके दिवशी त्यांनी रोजच्यापेक्षा अधिक आणले, तेव्हा लक्कम्मांनी ते परत टाकून येण्यास सांगितले. तांदूळ चोरीचे नव्हते, मागितलेलेही नव्हते. तरी ते गरजेपलीकडचे होते, एवढ्यावरून त्या माउलीने ते नाकारले.

आता आपल्या शेताकडे पाहा. काल एकराच्या भावाने जाणारी जमीन रस्ता आल्यावर गुंठ्याच्या भावाने जाते. मधल्या काळात आपण नांगरट अधिक खोल केली नव्हती. ही वाढ आपल्या घामाची नव्हे. परंतु त्या रकमेचा दुसरा भाग गेलेल्या कायकाचे मोल आहे, हेही विसरू नये. तो भाग बियाण्यासारखा आहे. त्यातून मुलाचे नवे कायक उभे राहावे. तो मोटारगाडीत आणि लग्नाच्या मांडवात संपला, की शेतही गेले आणि कायकही गेले.

येथे कोणी म्हणेल, स्वामींना गाव जसेच्या तसे हवे. तसे नाही. कल्याण हे नगरच होते. नावाडी चौडय्या, चर्मकार हरळय्या तेथेच शरण झाले. फौंड्रीत लोखंड ओतणाऱ्या तरुणाचे कायक औत धरणाऱ्या बापाच्या कायकाहून तसूभरही कमी नाही. कर्ज काढून दोन खोल्या बांधणाऱ्या शिक्षकालाही घर हवेच. पुण्याजवळ हडपसर येथे सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी आपली ४०० एकरांच्या आसपास जमीन एकत्र करून, जमिनीच्या प्रमाणात भागीदार होऊन, २००० सालापासून मगरपट्टा हे नगर उभारले. जमीन गेली तरी मालकी हातची गेली नाही. असे क्वचितच घडते.

मला अधिक खटकते ते निराळेच. सातबारा किंवा उताऱ्यावर नाव असलेल्याला पैसा मिळतो. त्याच शेतात तीस वर्षे भात लावणाऱ्या बाईचे नाव कोठे आहे? २०१३ च्या भूसंपादन कायद्याने भूमिहीन मजूर, कुळे आणि कारागीर यांनाही बाधित कुटुंब मानले, त्यासाठी आधीची तीन वर्षे तेथे उपजीविका असावी असे म्हटले. पण खासगी सौद्यात, प्लॉट पाडताना, ती बाई कोणत्याच कागदावर येत नाही. नुलिय चंदय्या गवत कापून दोर वळीत. ते गवत कोणा एकाच्या मालकीचे नव्हते. आज गायरान आणि तळ्याचा काठ गेला, तर चंदय्यांनी आपले कायक कोठे करावे?

म्हणून दासोहाची रक्कम घेऊन येणाऱ्या भक्ताला मी आधी विचारतो : त्या शेतावर आणखी किती चुली पेटत होत्या? त्यांना काय दिले? कित्येकजण गप्प राहतात. काहींना राग येतो. एकजण मात्र पावती न घेताच परत गेला आणि पुढच्या महिन्यात आपल्या जुन्या गड्याला बरोबर घेऊन आला. त्या गड्याच्या मुलासाठी गावातच पिठाची गिरणी घालून दिली होती.