शेवटचा हात

दिंडोरीत मी रंगकाम करतो. दिवाळीआधी दारं-खिडक्यांना ऑइल पेंट मारायची कामं एकामागून एक येतात आणि घरमालकांचा एक प्रश्न ठरलेला असतो : "दादा, वरून चकचकीत दिसलं की झालं. खालचं कोण बघतंय? एवढं घासत कशाला बसता?" प्रश्न मजुरीचा वाटतो, पण मला तो धर्माचा वाटतो. जे कुणाला दिसणारच नाही, ते नीट का करायचं?

संतांनी वरल्या रंगाला भुलू नका असं बजावलं. कीर्तनात तेच ऐकत आम्ही मोठे झालो. त्यामुळे चकाकी म्हणजे दिखावा, असं आपण धरून चालतो. हाताचा अनुभव मात्र वेगळा आहे. मॅट रंग प्रकाश चहूकडे विखरतो, म्हणून बारीक खड्डे त्यात लपतात. ग्लॉस तोच प्रकाश आरशासारखा एका दिशेने परत पाठवतो. संध्याकाळचं तिरपं ऊन चौकटीवर पडलं की न भरलेलं खिळ्याचं भोक, अर्धवट घासलेला कोपरा, ब्रशचा निसटलेला केस, रंगाचा ओघळ, सगळं उघडं पडतं. खरी चकाकी काही झाकत नाही. खाली काय केलंय त्याची ती साक्ष देते. संतांचा राग चकाकीवर नसावा, न घासता आणलेल्या चकाकीवर असावा.

म्हणूनच शेवटच्या हाताआधी बहुतेक काम उरकलेलं असतं. लाकूड 120 नंबरच्या पेपरने रेषांच्या दिशेने घासायचं, प्रायमर द्यायचा, खड्ड्यांत लांबी भरायची, ती वाळली की 220 ने घासून पुन्हा प्रायमर, मग 320. रंगाचा पहिला हात पुरता वाळला की 400 चा वॉटर पेपर ओला करून हलक्या हाताने फिरवायचा, धूळ टिपायची आणि मग फडक्यातून गाळलेल्या रंगाचा शेवटचा हात. इथे घाई चालत नाही. टर्पेंटाइन लवकर उडतं, पण रंगातला तेलकट अंश हवेतला प्राणवायू घेत सावकाश घट्ट होतो. खालचा थर कच्चा असताना वरचा चढवला की सुरकुत्या पडतात.

जुन्या घरात जबाबदारी आणखी वाढते. 1 नोव्हेंबर 2017 पासून आपल्या देशात घरगुती रंगांत दहा लाख भागांत 90 भागांहून जास्त शिसं चालत नाही. त्याआधीच्या थरांत ते भरपूर असू शकतं. तिथे कोरडं घासलं तर ती धूळ रांगत्या पोराच्या पोटात जाते. म्हणून पाणी मारून घासायचं आणि निघालेला चिखल गोळा करून न्यायचा. मालक बघत नसतो, पोराला कळत नसतं. तरीही करायचं, माझ्या लेखी पुण्य म्हणतात ते हेच.

आमच्या तालुक्यातल्या वणीहून गडावर गेलं की सप्तशृंगीची अठरा भुजांची मूर्ती आहे. पिढ्यानपिढ्या तिला शेंदूर चढत गेला. 2022 साली मंदिर काही आठवडे बंद ठेवून मूर्तीवरचे शेकडो किलो शेंदराचे थर उतरवले आणि त्या नवरात्रात लोकांना आईचं मूळ रूप दिसलं. त्यातला प्रत्येक थर श्रद्धेनेच चढला होता. तरी आई नीट दिसायची तर ते उतरवावे लागले. थर चढवणं वाईट नाही. खाली काय झाकलं जातंय ते न बघता चढवत राहणं वाईट.

दत्तजयंतीच्या सप्ताहात दिंडोरीत माणसं गुरुचरित्राच्या पारायणाला बसतात. माझ्या दृष्टीने पारायण हा शेवटचा हात. भावाशी धरलेला अबोला सोडणं, मजुराचे थकलेले पैसे देणं, हे त्याआधीचं घासकाम. ते राहिलं तर पोथी कितीही सुरेल वाचली तरी खालचे खड्डे दिसणारच.

तेव्हा घर रंगवायला काढाल तर रंगाऱ्याला घासायला पुरेसे दिवस द्या. आणि पोथी उघडण्याआधी तेवढेच स्वतःलाही द्या.